कापरेकर स्थिरांक (६१७४)

दशमान पद्धतीने लिहिलेल्या चार अंकी संख्येवर एक ठराविक वजाबाकी पुनःपुन्हा केली असता अखेरीस हाती येणारी संख्या. तिचा हा गुणधर्म देवळाली (जि. नासिक) येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी शोधून काढला, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

कृती अशी : चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या बाकीवर हीच कृती करीत जावे. उदा., १९७४ घेतल्यास ९७४१ − १४७९ = ८२६२ आणि पुढे क्रमाने ६३५४, ३०८७, ८३५२ व ६१७४ या संख्या मिळतात. ७६४१ − १४६७ = ६१७४ असल्याने कृती तेथेच थांबते. सातहून अधिक पायऱ्या कधीही लागत नाहीत. २००५ ला मात्र पूर्ण सात लागतात. बाकी तीन अंकी आली, तर डावीकडे शून्य लिहून ती चार अंकी मानावी लागते. हे पथ्य न पाळल्यास १११२ पासून ९९९ येऊन पुढे शून्यच उरते.

या चमत्काराचे कारण साधे आहे. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असल्यास बाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) इतकी असते. म्हणजे ती केवळ दोन फरकांवर अवलंबून असून तिची ५४ च मूल्ये संभवतात. तेवढी तपासली की गुणधर्म सिद्ध होतो. तीन अंकी संख्यांसाठी ४९५ हा असाच स्थिरांक आहे. दोन अंकी संख्या मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात, आणि पाच अंकी संख्यांनाही स्थिरांक नाही.

कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. १९५५ मध्ये तो स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाच्या कामाला भारतातील अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी क्षुल्लक मानले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही : हा गुणधर्म संख्येचा जितका, तितकाच ती लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. तथापि चार अंकांना एकच अंतिम स्थान असावे आणि पाच अंकांना ते नसावे, हा प्रश्न खरा गणिती आहे व तो हातातल्या कागद-पेन्सिलीने विचारला गेला, हे विसरता येत नाही.

६१७४ = २ × ३² × ७³. तिच्या अंकांची बेरीज १८ असून १८ + १८² + १८³ = ६१७४ होते. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ हे नाव दिले होते. ६१७४ ही तशीच एक असून भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन, येतो.