पडद्यावरील बोली आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय नट

मूकपटांच्या काळात अमेरिकन पडद्यावरील कृष्णवर्णीय पात्राला रूप होते, हालचाल होती. वाणी मात्र नव्हती. १९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ ह्या चित्रपटाने बोलपटांचे युग सुरू केले. त्या चित्रपटात अल जॉल्सन हे गोरे गायक तोंडाला काळे फासून गातात. म्हणजे ज्या चित्रपटाने पडद्याला वाचा दिली, त्याच चित्रपटात कृष्णवर्णीयाचे सोंग गोऱ्याच्या गळ्यातून बोलले. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पुढे दोनच वर्षांत, १९२९ मध्ये, ‘हार्ट्स इन डिक्सी’ आणि ‘हॅलेलुया’ हे कृष्णवर्णीय नटसंचाचे दोन बोलपट निघाले. तेव्हापासून एक प्रश्न अमेरिकन चित्रसृष्टीपुढे आणि नंतर दूरचित्रवाणीपुढे सतत उभा राहिला: कृष्णवर्णीय पात्राने कसे बोलावयाचे, आणि ते ठरविणार कोण?

ह्या प्रश्नाचे एक तयार उत्तर रंगभूमीने आधीच देऊन ठेवले होते. १८३० नंतरच्या दशकांत ‘मिन्स्ट्रेल’ नावाचे खेळ अमेरिकेत अतिशय लोकप्रिय झाले. जळक्या बुचाची काजळी तोंडाला लावून गोरे नट मळ्यावरील गुलामाची नक्कल करीत. त्यांनी जी बोली रूढ केली, तिची घडण भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तीत लांबलचक शब्द चुकीच्या जागी वापरून हशा पिकविणे हा एक मुख्य प्रकार होता. दुसरा प्रकार छापील पानांवर अधिक दिसतो. एखाद्या शब्दाचा उच्चार सर्वांच्या तोंडी सारखाच असतो. पण कृष्णवर्णीय पात्राच्या मुखी तो आला की त्याचे लेखन मुद्दाम बिघडवून द्यावयाचे. कानाला फरक नाही, डोळ्याला मात्र अडाणीपणा दिसावा, अशी ही योजना होती.

कृष्णवर्णीयांची खरी बोली ह्याहून फार वेगळी आहे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. इंग्रजीतील ‘असणे’ ह्या अर्थाच्या ‘बी’ ह्या धातूचे मूळ रूप तीत नित्यत्व दाखविण्यासाठी योजले जाते. ‘तो येतो आहे’ आणि ‘तो येत असतो’ ह्यांत मराठी जो भेद करते, तसाच भेद ही बोली करते. प्रमाण इंग्रजीला तो क्रियापदाच्या रूपात सहज दाखविता येत नाही. १९४९ साली लोरेन्झो डाउ टर्नर ह्या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने दक्षिण कॅरोलायना व जॉर्जिया ह्यांच्या किनाऱ्यावरील गुल्ला बोलीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तीत आफ्रिकी मूळ असलेले सुमारे ४,००० शब्द नोंदविले. त्यांत व्यक्तिनामांचा भरणा मोठा होता. १९६० नंतरच्या दशकात विल्यम लबॉव्ह ह्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात केलेल्या संशोधनाने ह्या बोलीची नियमबद्धता निर्विवाद ठरली. पडद्यावरील बोलीला ह्या नियमांची गंधवार्ताही नव्हती.

संस्कृत नाटकांशी परिचय असलेल्या वाचकाला येथे एक शंका सुचेल. नाट्यशास्त्रानेही पात्रांच्या दर्जाप्रमाणे भाषा वाटून दिल्या आहेत. राजा संस्कृत बोलतो, राणी शौरसेनी बोलते आणि हलक्या पात्राच्या वाट्याला मागधी येते. मग हॉलीवुडने वेगळे काय केले? फरक असा की, संस्कृत नाटकातील संकेत हा उघड संकेत होता. कोळी खरोखरच शाकुंतलातल्याप्रमाणे बोलतात, अशी प्रेक्षकाची समजूत करून देण्याचा त्यात हेतू नव्हता. चित्रपट मात्र आपण दाखवितो ते वास्तव आहे असा दावा करतो. त्यामुळे पडद्यावरची बोली लक्षावधी प्रेक्षकांना माणसाविषयीचा पुरावाच वाटू लागली.

हॅटी मॅकडॅनियल ह्यांचे उदाहरण ह्या संदर्भात फार बोलके आहे. त्यांचा जन्म १८९३ साली कॅन्सस राज्यातील विचिटा येथे झाला; वडील जन्माने गुलाम असून यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले होते. हॅटी वाढल्या कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात. तेथे १९१० साली मद्यपाननिषेधक महिला संघाच्या पठनस्पर्धेत त्यांना सुवर्णपदक मिळाले होते. म्हणजे शुद्ध व परिणामकारक पठन हा ज्यांचा पहिला गौरव, त्यांना पुढे आयुष्यभर बोलावी लागली ती दक्षिणेतील मळ्यावरची, कधीही त्यांची नसलेली बोली. हीच गत लुईस बीव्हर्स ह्यांची. ओहायोत जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात वाढलेल्या ह्या नटीला १९३४ च्या ‘इमिटेशन ऑफ लाइफ’सारख्या चित्रपटांसाठी दाक्षिणात्य उच्चार मुद्दाम शिकावे लागले.

१९३९ सालच्या ‘गॉन विथ द विंड’मधील ‘मॅमी’ ह्या दाईच्या भूमिकेबद्दल मॅकडॅनियल ह्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय व्यक्ती होत. त्या आधी डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटा येथे झालेल्या पहिल्या खेळाला जॉर्जियातील वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना उपस्थित राहता आले नव्हते. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात पारितोषिक-समारंभ झाला, तेव्हा इतर नटांपासून दूर, भिंतीलगतच्या एका लहान मेजाशी त्यांना बसविण्यात आले. हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता; तेवढी जागासुद्धा निर्मात्याने खास विनंती केल्यामुळे मिळाली होती.

दाई आणि मोलकरीण ह्यांच्याच भूमिका स्वीकारल्याबद्दल मॅकडॅनियल ह्यांच्यावर त्यांच्याच समाजातून कडक टीका झाली. कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट हे ह्या टीकेत अग्रभागी होते. मोलकरीण होऊन आठवड्याला सात डॉलर मिळविण्यापेक्षा मोलकरणीचे काम करून सातशे मिळवीन, अशा आशयाचे उत्तर त्यांच्या नावावर सांगितले जाते. उत्तर चटकदार आहे. परंतु त्यांचे खरे उत्तर नभोवाणीच्या एका करारात सापडते.

‘ब्यूला’ हे मोलकरणीचे पात्र नभोवाणीवर प्रथम मार्लिन हर्ट ह्या गोऱ्या पुरुषाने आवाज बदलून रंगविले होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्या एका गोऱ्या पुरुषाने. १९४७ साली ही भूमिका मॅकडॅनियल ह्यांच्याकडे आली. ती स्वीकारताना त्यांनी अट घातली की, आपण ‘बोली’त बोलणार नाही, आणि संहितेतील खटकणारा मजकूर बदलण्याचा अधिकार आपल्याला असावा. पात्र मोलकरणीचेच राहिले, पण तिची भाषा तिची झाली. भूमिकांच्या यादीवरून नटाचे मूल्यमापन करणाऱ्या टीकाकारांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते. १९५० साली ‘ब्यूला’ दूरचित्रवाणीवर गेली तेव्हा प्रथम एथेल वॉटर्स, नंतर थोडे दिवस मॅकडॅनियल व त्यांच्या आजारपणानंतर लुईस बीव्हर्स अशा तिघींनी ती भूमिका केली. मॅकडॅनियल १९५२ च्या ऑक्टोबरात वारल्या. हॉलीवुडच्या ज्या दफनभूमीत विसावा घेण्याची त्यांची इच्छा होती, तेथेही वर्णामुळे जागा नाकारण्यात आली. हॉवर्ड विद्यापीठाला त्यांनी ठेवलेले पारितोषिकाचे पदक पुढे गहाळ झाले. चित्रपट अकादमीने त्याच्या जागी नवे पदक दिले ते २०२३ साली.

ह्याच सुमारास घडलेला दुसरा एक प्रकार विनोदी वाटेल, पण तो विषण्ण करणारा आहे. ‘एमॉस अँड अँडी’ ही नभोवाणीवरील मालिका १९२८ पासून फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे नट कृष्णवर्णीयांचे आवाज काढून सादर करीत. १९५१ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आणताना काळे फासलेली तोंडे दाखविणे शक्य नव्हते, म्हणून कृष्णवर्णीय नट घेण्यात आले. तेव्हा कृष्णवर्णीय माणूस कसा बोलतो हे गॉस्डेन त्या नटांना शिकवू लागले! अँडीची भूमिका करणारे स्पेन्सर विल्यम्स हे स्वतः अनुभवी दिग्दर्शक होते. त्यांना हे शिक्षण मानवले नाही आणि दोघांत खटका उडाला. नक्कल मुळाला उच्चार शिकवू लागते, तेव्हा बोलीची रूढी किती घट्ट झालेली असते, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. उपर्युक्त राष्ट्रीय संघटनेच्या विरोधानंतर १९५३ साली नवे भाग थांबले. जुन्या भागांचे पुनःप्रक्षेपण मात्र १९६६ पर्यंत चालूच होते.

पॉल रोबसन ह्यांचा मार्ग अगदी निराळा. गुलामगिरीतून पळून आलेल्या पित्याचा हा पुत्र लंडनमध्ये असताना तेथील प्राच्यविद्या विद्यालयात ध्वनिशास्त्र व आफ्रिकी भाषा शिकला. आफ्रिकेच्या संस्कृतीचे दर्शन घडेल ह्या आशेने त्यांनी १९३५ चा ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ स्वीकारला. प्रत्यक्षात तयार झालेला चित्रपट ब्रिटिश साम्राज्याचा गौरव करणारा निघाला आणि रोबसन ह्यांनी त्याचा जाहीर निषेध केला. १९४२ नंतर त्यांनी हॉलीवुडकडे पाठ फिरविली. १९५० मध्ये अमेरिकन सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले. ते परत मिळण्यापूर्वीच, एप्रिल १९५८ मध्ये, त्यांचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला. त्यांच्या कार्याचे खरे क्षेत्र गायन व रंगभूमी होते. पडद्याने त्यांच्या आवाजाचा उपयोग केला, विद्वत्तेचा केला नाही.

सिडनी पॉइटिये ह्यांच्याबरोबर प्रश्नाचे स्वरूपच पालटते. १९२७ साली मायामीत जन्मलेले पॉइटिये बहामा बेटांवर वाढले. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कला आल्यावर त्यांनी हार्लेममधील अमेरिकन निग्रो थिएटर ह्या संस्थेत परीक्षा दिली. वाचन अडखळत होते आणि उच्चार बेटावरचे होते. भांडी घासण्याचे काम पाहावे, असा सल्ला देऊन त्यांना वाटेस लावण्यात आले. त्यानंतर त्यांनी एक रेडिओ विकत घेतला आणि कित्येक महिने निवेदकांचे उच्चार ऐकून त्यांची उजळणी केली. ज्या उपाहारगृहात ते खरोखरच भांडी घासत होते, तेथील एका वृद्ध यहुदी वाढप्याने रात्री काम संपल्यावर वर्तमानपत्र समोर ठेवून त्यांना वाचायला शिकविले. हा वृत्तांत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितला आहे.

ह्या शिक्षणातून जी भाषा तयार झाली, तिच्यात ना मळा होता, ना वस्ती. ती कोणत्याच प्रांताची नव्हती. पडद्यावर तोपर्यंत असा कृष्णवर्णीय आवाज क्वचितच ऐकू आला होता. १९५० च्या ‘नो वे आउट’मध्ये ते डॉक्टर झाले, १९६३ च्या ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी एप्रिल १९६४ मध्ये त्यांना प्रमुख अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. ही भाषा गोऱ्या प्रेक्षकाला सोईची आहे, तिच्यात समाजाचा गंध उरलेला नाही, असा आक्षेप १९६७ नंतर जोराने घेतला गेला. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु ज्यांची पूर्वीची निवड फक्त ‘मॅमी’ आणि ‘अँडी’ ह्यांच्यापुरती होती, त्यांच्यासाठी प्रमाण उच्चार ही शरणागती होती असे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

१९६७ च्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’ ह्या चित्रपटात हा प्रश्न उच्चारावरून संबोधनावर येतो. दक्षिणेत प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषाला नुसत्या पहिल्या नावाने किंवा ‘पोरा’ अशा शब्दाने हाक मारण्याचा प्रघात होता. ‘मिस्टर’, ‘मिस’, ‘मिसेस’ ही उपपदे गोऱ्यांसाठी राखीव असत. ‘अरे-तुरे’ आणि ‘अहो-जाहो’ ह्यांतील अंतर जाणणाऱ्या मराठी वाचकाला ह्यातील बोच समजावून सांगण्याची गरज नाही. १९६३ साली अलाबामातील गॅड्सडेन येथील न्यायालयात मेरी हॅमिल्टन ह्या नागरी हक्कांच्या कार्यकर्तीने, सरकारी वकील आपल्याला ‘मिस हॅमिल्टन’ म्हणेपर्यंत उत्तर देण्याचे नाकारले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद व पन्नास डॉलर दंड झाला. मार्च १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. ह्या निकालाला तीन वर्षे होतात न होतात तोच पडद्यावर मिसिसिपीतील एक पोलीस अधिकारी फिलाडेल्फियाहून आलेल्या गुप्तहेराला, तिकडे तुला काय म्हणतात, असे हिणवून विचारतो, आणि पॉइटिये आपल्या आडनावामागे ‘मिस्टर’ लावून उत्तर देतात. ह्या चित्रपटाचे बहुतेक चित्रीकरण त्यांच्याच आग्रहाने दक्षिणेबाहेर, इलिनॉय राज्यात झाले. त्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचे पारितोषिक ह्याला मिळाले. प्रमुख अभिनेत्याचे मात्र रॉड स्टायगर ह्यांना. पॉइटिये ह्यांचे नाव त्या यादीतही नव्हते.

दूरचित्रवाणीवर ह्याच काळात नावालाच वेगळा अर्थ आला. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’मध्ये निशेल निकल्स ह्यांनी रंगविलेल्या अवकाशयानावरील अधिकाऱ्याचे नाव ‘उहुरा’ आहे. ते स्वाहिलीतील ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य, ह्या शब्दावरून घेतलेले. आणि तो शब्द अरबीतील ‘हुर्र’ ह्या मुळापासून आला, ज्याचा नातलग ‘हुर्रियत’ उर्दूमुळे भारतीयांच्या ओळखीचा आहे. ह्या अधिकाऱ्याचे काम संदेशवहनाचे, म्हणजे बोलण्याचेच. पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडण्याच्या विचारात होत्या. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी त्यांना थांबण्याचा आग्रह केला, असे त्यांनी सांगितले आहे.

बोली नंतर परत आली, पण वेगळ्या वाटेने. लुइझियानातील मळ्यावर जन्मलेले कादंबरीकार अर्नेस्ट गेन्स ह्यांनी १९७१ साली एका वृद्ध स्त्रीचे आत्मकथन तिच्याच बोलीत लिहिले. ‘द ऑटोबायॉग्रफी ऑफ मिस जेन पिटमन’ ह्या नावाने ते जानेवारी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीवर आले. जेनची भूमिका केली सिसिली टायसन ह्यांनी. त्या न्यूयॉर्कच्या, त्यांचे आईवडील कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावरचे. म्हणजे लुइझियानाची बोली त्यांनाही, बीव्हर्स ह्यांच्याप्रमाणेच, शिकावी लागली. ह्या वेळी मात्र ती त्या मातीतल्या लेखकाच्या कानाने टिपलेली होती, आणि तिच्यावर कोणी हसत नव्हते. शीर्षकातील ‘मिस’ हे उपपदही लक्षात घेण्याजोगे आहे. टायसन ह्यांना ह्या भूमिकेसाठी एमी पारितोषिक मिळाले. शेवटच्या प्रसंगात एकशे दहा वर्षांची जेन काठी टेकीत न्यायालयापुढील पाण्याच्या नळाकडे जाते, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या त्या नळाचे पाणी पिते, आणि आल्या वाटेने परत फिरते.