माजलगावच्या ओवीचा माग

पोवाड्याला शाहिराचे नाव असते. अभंगाच्या शेवटच्या चरणात संताची नाममुद्रा असते. जात्यावरच्या ओवीला यांपैकी काहीच नाही. पहाटेच्या अंधारात दोन बायका समोरासमोर बसल्या, खुंट्याला हात लागला, ओवी सुरू झाली. दळण सरले की तीही थांबली. अशा गाण्याचा इतिहास शोधायचा तरी कसा?

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत एप्रिल १९९६ मध्ये काही ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या ओव्या बहुतांशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई आणि बुद्ध यांच्याविषयीच्या आहेत. वरवर पाहता विसाव्या शतकाचा हा ऐवज. मात्र त्यांचा माग काढू लागले की वाट जवळजवळ नऊशे वर्षे मागे जाते.

सर्वांत जुने टोक सापडते ते एका राजाच्या ग्रंथात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. राज्यकारभार, पाकशास्त्र, हत्ती, घोडे, संगीत अशा नाना विषयांचा हा संस्कृत कोश. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. नोंद कांडण्याची आहे, दळण्याची नव्हे. ओवीचा पहिला लेखी साक्षीदार जाते नसून मुसळ आहे.

पुढच्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातील प्रबंधांच्या प्रकरणात देशभाषेत गायिली जाणारी ओवी आढळते. कष्टकरी बायकांचे गाणे दरबारी शास्त्रकाराला दखल घेण्याजोगे वाटले, हे काही थोडे नव्हे. मग १२९० मध्ये ज्ञानेश्वरी आली आणि ओवी हे मराठी ग्रंथरचनेचे प्रतिष्ठित वृत्त झाले. त्यानंतर पोथीतली ओवी आणि जात्यावरची ओवी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पहिलीच्या नकला झाल्या, पारायणे झाली. दुसरी कोणी लिहून ठेवली नाही. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई आणि तिच्यासोबत दळू लागणारा विठ्ठल यांची कथा मात्र जात्याच्या साक्षीने घरोघर टिकली. ज्यांनी टिकवली त्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती.

विसाव्या शतकात छपाईने ही उणीव काही अंशी भरून काढली. साने गुरुजींचा ‘स्त्री जीवन’ हा ओव्यांचा संग्रह १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. पुढे महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने सरोजिनी बाबर यांनी लोकगीतांचे खंडामागून खंड काढले. या कामाचे मोल मोठे आहे. तरीही छापील ओवीत दोन गोष्टी हरवतात. पहिली म्हणजे चाल, जिला गाणाऱ्या बायका ‘गळा’ म्हणतात. कागदावर ओवी दोन ओळींत संपते. गाताना मात्र अर्धी ओळ पुन्हा येते, मध्येच ‘बाई’, ‘गं’ अशी भर पडते, जोडीदारीण शब्द उचलून धरते. या साऱ्याला संपादकाच्या पानावर जागा नसते. दुसरी गोष्ट म्हणजे गायिका. ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने, कोणत्या दिवशी म्हटली, याचा उल्लेख छापील संग्रहांत बहुधा नसतो.

येथे आयर्लंडशी तुलना उद्बोधक ठरते. तेथील ‘रील’ ही द्रुत लयीची नृत्यधून अशीच अनामिक, तोंडी परंपरेतली. मात्र तिचा माग काढणाऱ्याच्या हाती भक्कम साधने असतात. शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेल्या फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये १८५० आयरिश धुनांचा संग्रह स्वरलिपीसह छापला. १९२० च्या दशकात स्लायगोहून न्यूयॉर्कला गेलेल्या मायकेल कोलमन या फिडलवादकाच्या ७८ गतीच्या तबकड्या निघाल्या. एखादी रील ओनीलच्या पानावर कशी आहे आणि कोलमनच्या गजाखाली ती कशी वळली, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. जात्यावरच्या बायकांकडे अशी लक्ष देणारी बाजारपेठ नव्हती. नाटकाच्या पदांच्या तबकड्या खपत होत्या. पहाटेच्या दळणाला गिऱ्हाईक कोठून येणार?

ती कसर भरून काढली पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी. मावळ-मुळशीच्या डोंगरी भागात स्त्रियांसोबत काम करताना त्यांनी ओव्या जमवण्यास आरंभ केला. गावोगावच्या बायकांनीच आपल्या आयाबहिणींकडून त्या गोळा केल्या. वीसेक वर्षांत हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. संगीतसंशोधक बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. प्रत्येक ओवीसोबत गाव, तालुका, जिल्हा, गायिकेचे नाव, तिची जात अशी माहिती नोंदली गेली. इतिहासाच्या दृष्टीने हा निर्णय ओव्यांच्या संख्येहून महत्त्वाचा. म्हणूनच भीमनगरच्या राधाबाई बोऱ्हाडे आणि वाल्हाबाई टाकणखार आज अनामिक नाहीत.

आता पुन्हा त्या ओव्यांकडे. एरवी ओवीचा काळ ठरवणे जवळजवळ अशक्य. सासर, माहेर, पाऊस, पंढरी यांना सन नसतो. माजलगावच्या ओव्यांना मात्र तो आहे. ज्या ओवीत बाबासाहेबांनी लिहिलेल्या संविधानाचा निर्देश येतो, ती नोव्हेंबर १९४९ च्या आधीची असू शकत नाही. ज्या ओवीत धम्मदीक्षा आहे, ती १४ ऑक्टोबर १९५६ नंतरची. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या मराठवाड्यातल्या एका वस्तीत, नागपूरला झालेले धर्मांतर जात्यापाशी येऊन गाणे झाले, इतके तरी निश्चितपणे म्हणता येते.

पण याच ठिकाणी अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. काळ ठरतो तो शब्दांचा, सबंध ओवीचा नव्हे. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला, असे मोजत ओव्या वाहण्याची रीत महाराष्ट्रभर जुनी आहे. तेथे देव येतात, आईबाप येतात, भाऊ येतो. भीमनगरात मोजणी तीच राहिली; ओवी वाहिली गेली ती भीमरायाला, बुद्धाला. सासुरवाशिणीच्या ओव्यांत सर्वांत लाडका असतो भाऊ, आणि त्याच मायेच्या जागी येथे बाबासाहेब आले. रमाबाईंचे निधन १९३५ मध्ये झाले. १९९६ साली गाणाऱ्या बायकांतील क्वचितच कोणी त्यांना पाहिले असेल. तरी ओवीत त्या जिवाभावाच्या नात्यातल्या बाईसारख्या वावरतात. याला केवळ जुन्या गाण्यात नवे नाव घालणे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या समाजाला देवळाची पायरी नाकारली गेली, त्या समाजातल्या बायकांनी ओवीची पहिली जागा कोणाला द्यायची, हे स्वतः ठरवले. कोणत्याही ठरावाच्या वा जाहीरनाम्याच्या कागदावर हा निर्णय सापडणार नाही.

आणि गळा? त्याचे वय सांगणारा एकही शब्द त्यात नसतो. एकच गळा अनेक विषयांच्या ओव्यांना चालतो, तर एकच ओवी गावागणिक निरनिराळ्या गळ्यांत भेटते. त्यामुळे शब्दांहून चाल जुनी असावी, असा तर्क करता येतो. पुरावा देता येत नाही. सोमेश्वराने शब्दांत नोंद केली, शार्ङ्गदेवाने लक्षण सांगितले, पण माजलगावच्या बाईचा गळा बाराव्या शतकातल्या बाईशी कितपत जुळला असता, हे पडताळून पाहण्याचे साधन उरलेले नाही.

ध्वनिमुद्रण झाले तेही उशिरा. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली आणि जात्याचे काम हळदीपुरते, लग्नघरापुरते राहिले. दळण सुटले तशी रोजची उजळणीही सुटली. गी पॉइटवँ २००४ मध्ये गेले, हेमा राईरकर २०१० मध्ये. त्यांचा हा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ अर्थात पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागला, आणि त्या निमित्ताने जुन्या नोंदींतील गावे पुन्हा धुंडाळून गायिकांच्या भेटी घेण्यात आल्या. काही जणी भेटल्या, त्यांनी पुन्हा गाऊन दाखवले. काहींच्या घरी पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. तेथे मुलासुनांनी आपल्या आईचा आवाज ध्वनिफितीतून ऐकला.