पंधरा फुटांची नदी

मुक्काम : एचएसआर लेआउट, बेंगळुरू

फौजी माणसाला नदी पहिल्यांदा भेटते ती सँड मॉडेलवर. वाळूत बोटाने चर ओढायचा, त्यात निळी पूड पसरायची, की झाली नदी. शेजारी पाटी असते : रुंदी, खोली, प्रवाहाचा वेग, तळ कसा, काठ कसे. हुकूम देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एवढं पुरतं. डायोरामात मात्र पाटीवर भागत नाही. तिथे बघणाऱ्याला पाटी न वाचता कळायला हवं, की त्या पाण्यात उतरलेल्या जवानाला पाणी कुठवर लागलं.

सध्या माझ्या घरातलं जेवणाचं टेबल इटलीतल्या सेनियो नदीने अडवलं आहे. मराठा पलटणीच्या इतिहासात या नदीचं नाव कायमचं कोरलेलं आहे, म्हणून ती निवडली. मॉडेलचं काम सुरू केलं आणि लक्षात आलं, की ही लढाई समजून घ्यायची तर आधी तिचं पाणी समजून घ्यावं लागतं.

सेनियो अपेनाइन डोंगरात उगम पावते आणि सपाट, सुपीक मुलखातून वाहत रेनो नदीला मिळते. पुराचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध घातलेले आहेत. १९४५च्या सुरुवातीपासून ब्रिटिश आठव्या आर्मीची आघाडी याच नदीवर अडकून पडली होती. जर्मनांनी दोन्ही बांध आतून पोखरून डगआउट आणि मशीनगनची ठाणी तयार केली होती. ९ एप्रिल १९४५च्या संध्याकाळी, विमानं आणि तोफांच्या प्रचंड भडिमारानंतर हल्ला झाला. आठव्या इंडियन डिव्हिजनमधली १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री त्यात आघाडीला होती.

बेत असा होता : एका कंपनीने पूर्वेचा बांध घ्यायचा आणि तीन मिनिटांनी दुसरीने तिच्यामधून पुढे जाऊन पश्चिमेचा. दुसऱ्या कंपनीच्या कमांडरसोबत त्याचा रनर होता, शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमज गावचा. ही तुकडी पाणी ओलांडून पलीकडे निघत असताना तिच्यावर तीन ठाण्यांवरून गोळीबार सुरू झाला. ही ठाणी समोर नव्हती. जो पूर्वेचा बांध उतरून ते आले, त्याच्याच आतल्या उतारावर होती. म्हणजे गोळ्या पाठीमागून आल्या. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, नामदेव सोडून बाकीचे ठार झाले.

नामदेवने एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून मागे आणलं, आणि सुरुंग पेरलेल्या उभ्या बांधावरून पलीकडे सुरक्षित जागी पोचवलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा बांध ओलांडला तो ठाणी उडवायला. पहिलं टॉमी गनने गप्प केलं. हाताला गोळी लागल्यावर गन टाकून ग्रेनेड घेतले आणि उरलेली दोन उडवली. मधे ग्रेनेड संपले, तर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन साथीदारांकडून आणखी घेतले. शेवटी मॉर्टरच्या माऱ्यात बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता आकडे बघा. त्याच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रातच ते दिलेले आहेत : नदी १५ फूट रुंद, ४ ते ५ फूट खोल, आणि बांध ३० ते ३५ फूट उंच. १:७२ या स्केलवर पाणी होतं जेमतेम साडेसहा सेंटिमीटर रुंद, बांध १३ ते १५ सेंटिमीटर उंच. साडेपाच फुटी जवान २३ मिलिमीटरचा आणि पाणी १७ ते २१ मिलिमीटर खोल, म्हणजे छातीपासून हनुवटीपर्यंत.

मॉडेल करणाऱ्याला मोह होतो तो रुंद, निळ्याशार, फेसाळत्या नदीचा. दिसायला ती छानच दिसेल, पण नामदेवचा पराक्रम त्यात बुडून जाईल. रुंद नदीत तो फक्त पट्टीचा पोहणारा ठरतो. खरं तर ती दोन भिंतींमधली ओली घळ होती, आणि शत्रू वरून, पाठीमागून बघत होता. १५ फूट म्हणजे एरवी चार-सहा पावलं. हिशेब केला तर एकदा पुढे जाताना आणि दोन जखमींसाठी मिळून ते पाणी त्याने चार वेळा कापलं. त्यातल्या दोन वेळा, छातीच्या वर पाणी असताना, अंगावर दुसरा माणूस होता.

म्हणून हे पाणी करताना रंगापासूनच विचार करावा लागतो. खरं पाणी ओतून चालत नाही, कारण पाण्याला स्केल नसतं. मॉडेलवरची एक मिलिमीटरची लाट प्रत्यक्षात सात सेंटिमीटरची होते, आणि साधा थेंब जवानाच्या डोक्याएवढा दिसतो. वापरायचं ते इपॉक्सी रेझिन. पण पाण्याचा रंग रेझिनमध्ये नसतो, तळात असतो. आधी तळ रंगवायचा : मधे गडद, कडेला फिका. खालच्या थरात मातकट रंगाचा अगदी थेंबभर, वरचा थर जवळजवळ स्वच्छ. इथल्या अगरा तलावावर संध्याकाळी उभं राहिलं की दिसतं, दूरचं पाणी आभाळाचा रंग घेतं आणि पायाजवळचं चिखलाचा. सेनियोच्या घळीत वर आभाळाची चिंचोळी पट्टी आणि दोन्हीकडे मातीच्या भिंती. त्या पाण्यात निळा रंग यायला जागाच नाही. बांधांसाठी बेंगळुरूची लाल मातीही चालत नाही. तिकडचा गाळ राखाडी-तपकिरी असतो.

रेझिन एकदम ओतलं तर तापतं, तडकतं, थर्माकोलचा पाया असेल तर तोही वितळू शकतो. म्हणून तीन-चार मिलिमीटरचे थर, एक सुकल्यावर दुसरा. कडा आधी नीट बंद करायच्या, कारण रेझिन सुईच्या भोकातूनही गळतं. पावसाळी हवेत वर तेलकट साय धरते, म्हणून कोरडा दिवस निवडायचा. लाटा शेवटी, अ‍ॅक्रिलिक जेलने, आणि प्रवाहाची दिशा ठरवून. नदी उत्तरेकडे वाहते, हल्ला पश्चिमेकडे जातो, म्हणजे पाणी जवानाच्या डावीकडून उजवीकडे. त्याच्या अंगाशी ते फाटतं आणि उजव्या अंगाला लांब रेघ सोडतं.

सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र नदीबाहेर असते : ओल. पूर्वेच्या बांधामागे थांबलेले जवान कोरडे. नामदेव छातीपर्यंत गडद, चमकता, बाह्यांतून पाणी निथळणारा. बांधावर घसरलेल्या बुटांचे ओले पट्टे, दोन वेळा वर गेलेले. एवढं नीट जमलं तर कोण कुठून आलं हे सांगावं लागत नाही.

मॉडेलवरून इतिहास भांडू शकतो, हे ब्रिटिश सैन्यातल्या विल्यम सायबॉर्न या अधिकाऱ्याने दाखवून दिलं. वॉटर्लूचं मॉडेल करायला त्याने आठ महिने रणभूमीवर राहून मोजणी केली आणि लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून विचारलं, तुम्ही नेमके कुठे होता, काय दिसलं? १८३८ साली ते लंडनमध्ये मांडलं गेलं. मॉडेलवर प्रशियाचे सैनिक कुठे ठेवायचे, यावरून वेलिंग्टनच्या मर्जीतून तो उतरला. सैनिक चार बोटं इकडे की तिकडे, यात श्रेय कोणाचं हे ठरत होतं. सेनियोवर तसाच प्रश्न पाण्याच्या रुंदीचा आहे.

सायबॉर्नचाच मार्ग मीही धरतो. वाचकांत अनेक माजी सैनिक आहेत. तुमच्यापैकी कोणी शस्त्र डोक्यावर धरून, अंधारात, छातीभर पाणी ओलांडलं असेल तर एवढं कळवा : काठावर चढताना पहिलं काय घसरलं, बूट की हात? आणि अंगावरचे कपडे किती वेळ जड राहिले? वरचा थर ओतायचा बाकी आहे. तुमचं उत्तर आल्यावर ओतीन.

जय हिंद.