नावडतीचं मीठ : वाणसामानातल्या सगळ्यात स्वस्त पिशवीचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानमालेत किराणा मालाचं काय काम? पण एक साधा हिशेब करून बघा. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीतली प्रत्येक वस्तू घ्या आणि विचारा, दिलेल्या पैशाच्या मानानं ही वस्तू मला काय परत देते? तेल, डाळ, साखर, चहा, साबण, सगळं तपासा. माझ्या मते या यादीत एकच वस्तू अशी आहे, की ती किमतीच्या कितीतरी पट देते आणि तरी आपण तिच्याकडे ढुंकून बघत नाही. ती म्हणजे पंचवीस-तीस रुपयांची मिठाची पिशवी. चौघांच्या घराला ती महिनाभर जाते. म्हणजे रोजचा खर्च एक रुपया.

मराठीत म्हण आहे, नावडतीचं मीठ अळणी. आपण उलटं केलंय. मिठालाच नावडतं करून टाकलंय. एकतर ते स्वस्त, त्यात डॉक्टर म्हणतात कमी खा. पण हे मीठ स्वस्त कसं झालं आणि चांगलं कसं झालं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींसाठी माणसं झटली आहेत. आज त्या दोन्ही गोष्टी क्रमानं बघू.

पहिली गोष्ट, स्वस्त कसं झालं. मीठ हा मुळात महाग पदार्थ नाही. समुद्राचं पाणी, ऊन, वारा आणि माणसाची मेहनत. आपल्या कोकणात पेण, उरणपासून शिरोड्यापर्यंत मिठागरं होती, मुंबईत वडाळा, भांडुप, मुलुंडला होती. आगरी समाजाचं नावच 'आगर' या शब्दाशी जोडलं जातं. तरीही एकोणिसाव्या शतकात गरिबाला मीठ महाग पडायचं. कारण एकच, कर.

कंपनी सरकारनं आणि नंतर ब्रिटिश सरकारनं मिठावर जबर कर बसवला होता. का? कारण मीठ सगळ्यांना लागतं. श्रीमंत माणूस जास्त पैसे आहेत म्हणून जास्त मीठ खात नाही आणि गरीब माणूस पैसे नाहीत म्हणून मीठ सोडू शकत नाही. वसुलीला इतका सोपा पदार्थ दुसरा नाही. हा कर चुकवून मीठ इकडून तिकडे जाऊ नये म्हणून सरकारनं काय केलं? देशाच्या मधोमध एक चौकी-रेषा आखली. 1869 च्या सुमारास ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत साधारण 2,300 मैल पसरली होती आणि तिच्यावर सुमारे 12,000 माणसं पहाऱ्याला होती. मोठ्या पट्ट्यात चक्क कुंपण होतं. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचं जिवंत काटेरी कुंपण! ते नीट वाढवण्याचं काम ज्या अधिकाऱ्यानं हिरिरीनं केलं, तो म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तोच, पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा. 1879 मध्ये ही रेषा मोडीत निघाली. पण कर मोडीत निघाला नाही, तो फक्त मीठ तयार होतं तिथेच घ्यायला सुरुवात झाली. त्यासाठी 1878 मध्ये पोर्तुगीजांशी तह करून गोव्याच्या मिठावरसुद्धा ब्रिटिशांनी ताबा मिळवला होता, म्हणजे तिथलं स्वस्त मीठ इकडे यायला नको.

1888 मध्ये हा कर मणाला अडीच रुपये झाला. मण म्हणजे साधारण 37 किलो. 1902 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदे मंडळातल्या अंदाजपत्रकावरच्या आपल्या पहिल्या भाषणात हा विषय घेतला. त्यांची पद्धत बघा. आरडाओरडा नाही. त्यांनी सरकारचेच आकडे सरकारसमोर ठेवले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडते आहे, मग हा कर का? लोकसंख्या वाढते आहे, पण त्या मानानं मिठाचा खप वाढत नाही. याचा अर्थ गरीब माणूस गरजेपेक्षा कमी मीठ खातो आहे. पुढच्याच वर्षी कर दोन रुपयांवर आला, 1905 मध्ये दीड, 1907 मध्ये एक रुपया. याचं सगळं श्रेय एका भाषणाला देता येणार नाही, पण गोखल्यांनी हा मुद्दा सोडला नाही, हे खरं.

त्यानंतरचा भाग तुम्हाला पाठ आहे. 12 मार्च 1930 ला गांधीजी साबरमतीहून निघाले आणि 6 एप्रिलला दांडीला त्यांनी मूठभर मीठ उचललं. आपल्याकडे मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला, वडाळ्याच्या मिठागरावर हजारो लोक चालून गेले, लाठ्या खाल्ल्या. शेवटी 1947 मध्ये, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, हंगामी सरकारनं हा कर काढून टाकला. मीठ स्वस्त झालं.

बहुतेक पुस्तकांत मिठाचा इतिहास इथे संपतो. माझ्या मते अर्धाच झालेला असतो. मीठ स्वस्त झालं, पण चांगलं झालं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांमध्ये गळ्याला मोठी गाठ असलेली माणसं घरोघरी दिसायची. गलगंड. कारण साधं आहे. बर्फ, पाऊस आणि पूर यांनी हजारो वर्षं जमीन धुतली जाते आणि तिच्यातलं आयोडीन वाहून जातं. जमिनीत नाही म्हणून पिकात नाही, पिकात नाही म्हणून माणसात नाही. आयोडीन किती लागतं? मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तर चार ग्रॅमसुद्धा भरत नाही. पण हे चार ग्रॅम एकदम खाऊन चालत नाही, ते रोज थोडं थोडं मिळावं लागतं. मग असा कुठला पदार्थ आहे, जो प्रत्येक माणूस रोज आणि साधारण सारख्याच प्रमाणात खातो? आलं लक्षात? ज्या कारणासाठी मीठ कर गोळा करायला सोयीचं होतं, नेमक्या त्याच कारणासाठी ते औषध पोचवायलाही सोयीचं ठरलं. स्वित्झर्लंडमध्ये ही कल्पना 1922 मध्येच वापरात आली होती.

आपल्याकडे 1956 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. साधारण लाखभर लोकवस्तीचा हा भाग त्यांनी तीन विभागांत वाटला. दोन विभागांत आयोडीन घातलेलं मीठ, तिसऱ्यात नेहमीचं साधं मीठ. पाच-सहा वर्षांनी पाहणी केली, तर पहिल्या दोन विभागांत गलगंडाचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलेलं आणि तिसऱ्यात तसा फरक नाही. मग तिसऱ्या विभागालाही आयोडीनचं मीठ सुरू केलं. गोळी नाही, इंजेक्शन नाही, लोकांना सवय बदलायला सांगितलेली नाही. फक्त मीठ. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

पण गंमत अशी, की गलगंड हा या दुखण्याचा फक्त दिसणारा भाग होता. खरं नुकसान दिसत नव्हतं. आईच्या पोटात बाळाचा मेंदू घडतो, तेव्हा त्याला थायरॉइडचं संप्रेरक लागतं आणि ते आयोडीनशिवाय तयार होत नाही. आईला आयोडीन कमी पडलं, तर मूल मतिमंद, बहिरं-मुकं होऊ शकतं. आणि कितीतरी मुलं अशी, की ती आजारी दिसत नाहीत, फक्त शाळेत मागे पडतात. 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समधले डॉ. एन. कोचुपिल्लई यांनी उत्तर प्रदेशातल्या गोंडा, देवरिया भागातल्या नवजात बाळांचं रक्त तपासलं. थायरॉइड कमी असलेल्या बाळांचं प्रमाण धक्का बसावा इतकं जास्त निघालं. प्रश्न गळ्याचा नव्हता, डोक्याचा होता. शिवाय ही कमतरता फक्त डोंगराळ भागात नाही, मैदानातही आहे, हेही पुढे स्पष्ट झालं. म्हणून मग सगळ्या देशाला आयोडीनयुक्त मीठ द्यायचं ठरलं. 1983 मध्ये खाजगी कारखान्यांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी टाटांचं पिशवीबंद मीठ बाजारात आलं आणि उघड्या पोत्यातलं मीठ हळूहळू दुकानातून मागे सरकलं.

विरोध झाला का? झाला. 1998 मध्ये साधं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आली, तेव्हा अनेक गांधीवाद्यांनी विचारलं, ज्या मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, ते आता कंपन्यांच्या हातात द्यायचं? छोट्या मिठागरवाल्यानं आयोडीन मिसळण्याचं यंत्र कुठून आणायचं? हा प्रश्न खोटा नव्हता. 2000 मध्ये बंदी उठली. त्यानंतर आयोडीनयुक्त मिठाचा वापर घसरला आणि 2006 मध्ये बंदी परत आली. आज देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त घरांत आयोडीन असलेलं मीठ आहे. एखादी चांगली गोष्ट इतक्या घरांत पोचल्याची उदाहरणं आपल्याकडे किती आहेत, तुम्हीच आठवून बघा.

मात्र या स्वस्ताईचं बिल कुणीतरी भरतंय, तेही सांगायला हवं. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत तयार होतं. कच्छच्या छोट्या रणात अगरिया कुटुंबं वर्षातले सात-आठ महिने उघड्यावर राहतात, जमिनीतलं खारं पाणी उपसतात, त्या पाण्यात अनवाणी उभं राहून मीठ ओढतात. डोळ्यांचे, कातडीचे आजार त्यांच्या पाचवीला पुजलेले. आणि दुकानातल्या किमतीचा अगदी छोटा हिस्सा त्यांच्या हातात पडतो. खाल्ल्या मिठाला जागायचं असेल, तर ही गोष्टही आपल्याला माहीत पाहिजे. गोखल्यांनी 1902 मध्ये विचारलं, मीठ खाणाऱ्याला काय भाव पडतो? आज विचारायला हवं, मीठ पिकवणाऱ्याला काय भाव मिळतो?

शेवटी थोडं व्यवहाराचं. सध्या गुलाबी मिठाची चलती आहे. साध्या मिठाच्या कितीतरी पट भाव आणि नाव हिमालयाचं. प्रत्यक्षात ते येतं मुख्यतः पाकिस्तानी पंजाबातल्या खेवडाच्या खाणीतून. आपल्या आजीच्या भाषेत ते शेंदेलोण, म्हणजे सैंधव. उपासाला, औषधाला जरूर वापरा. पण त्यात वेगळं आयोडीन घातलेलं नसेल, तर कामापुरतं आयोडीन मिळत नाही. घरात कुणाला दिवस गेले असतील आणि 'शुद्ध, नैसर्गिक' म्हणून रोजचं मीठ बदललं असेल, तर जास्त पैसे देऊन आपण बाळाच्या वाट्याचं आयोडीन काढून घेतोय.

मीठ कमी खा, हा डॉक्टरांचा सल्लाही याच्या आड येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. आपल्याकडे ग्राहकापर्यंत पोचताना किलोला निदान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावं, असं ठरलेलं आहे. म्हणजे पाच ग्रॅम मिठातून, आयोडीन टिकलं तर, रोजची बरीचशी गरज भागते. ते टिकायला मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, ओलाव्यापासून आणि शेगडीपासून लांब ठेवा. पिशवीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का, तेवढं बघा. ब्रँड कुठला, याला फार महत्त्व नाही. त्यातली सगळ्यात स्वस्त पिशवीसुद्धा हेच काम करते.

गोखल्यांनी आणि सत्याग्रहींनी ती पिशवी तुमच्या खिशाला परवडेल अशी केली, रामलिंगस्वामींनी ती तुमच्या नातवंडांच्या उपयोगाची केली. अगरियांचं देणं मात्र अजून बाकी आहे. ते फेडायचं काम आपल्या पिढीचं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.