जुने वळण आणि नवे काम : देवालयांचा जीर्णोद्धार

देवालय हे गावाचे भूषण असते. परगावचा मनुष्य शिवेवर आला की त्याला घरे दिसण्याआधी कळस दिसतो, आणि त्या कळसावरूनच तो गावाची परीक्षा करतो. अशा देवालयाचा जीर्णोद्धार ही काही रोजची गोष्ट नव्हे. एका पिढीच्या वाट्याला हे भाग्य एकदाच येते. पै-पैशाने जमलेली लोकवर्गणी, दात्यांच्या देणग्या आणि गावकऱ्यांचे श्रमदान ज्या कामी लागते, ते काम कोणत्या वळणाचे असावे हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. जुन्याप्रमाणे करावे की नव्या पद्धतीने, यावर प्रत्येक गावात पारावर वाद होतात. त्या वादाला थोडा इतिहासाचा आधार मिळावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुळात 'जीर्णोद्धार' या शब्दातच उत्तर दडलेले आहे. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार करायचा, म्हणजे ते पाडून दुसरे उभारायचे असे नव्हे. आपल्या शिल्पशास्त्राने देवालयाला देहाची उपमा दिली आहे. त्याच्या भिंतीला जंघा म्हणतात, शिखराच्या वरच्या भागाला स्कंध आणि त्यावरच्या निमुळत्या भागाला ग्रीवा म्हणतात. देह आजारी पडला तर वैद्य बोलावतात, देह बदलून टाकीत नाहीत.

मराठवाड्यात जुने दगडी देऊळ दिसले की लोक त्याला सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेवराय यादव (१२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्रराय यादव यांच्या कारकिर्दीत तो होऊन गेला. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा धर्मशास्त्रावरील मोठा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. मात्र ही बांधणी त्याच्या आधीपासूनची आहे. अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. म्हणजे हेमाडपंताच्या दोनशे वर्षे आधीच हे शिल्प महाराष्ट्रात भरास आले होते. लोकांनी आठवणीत राहिलेल्या एका मोठ्या माणसाचे नाव त्याला दिले. ज्या शेकडो पाथरवटांनी छिन्नी चालवली त्यांची नावे मात्र कोणालाच ठाऊक नाहीत.

या बांधणीचे मर्म असे की, दगडांच्या सांध्यात चुना किंवा माती घालीत नाहीत. दगडाला खाच आणि कुसू काढून एकात दुसरा बसवतात आणि त्यांच्या वजनानेच सगळे काम जागच्या जागी राहते. छताची युक्ती तर पाहण्यासारखी आहे. चार खांबांवर चार तुळया, मग चारही कोपऱ्यांत तिरप्या शिळा, त्याने जागा लहान होते. त्यावर पुन्हा तशाच शिळा, आणि शेवटी उरलेल्या लहानशा जागेवर कमळ कोरलेली एक शिळा. लोखंड नाही, लाकूड नाही, तरी आठशे वर्षे छत डोक्यावर उभे आहे. खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल होत जातो. त्याच्या माथ्यावर भार तोलणारे कीचक बसवलेले असतात. उंबरठ्यावर कीर्तिमुख असते. दाराच्या माथ्यावर मधोमध ललाटबिंब असते. आतली मूर्ती नाहीशी झाली तरी पुष्कळदा या ललाटबिंबावरून मूळ देव कोणता होता याचा माग लागतो. म्हणजे या नक्षीला नुसती शोभा म्हणता येत नाही. तो दगडावर लिहून ठेवलेला दस्तऐवज आहे.

या बाबतीत परभणी जिल्हा भाग्यवान आहे. गंगाखेड तालुक्यात गोदावरीच्या काठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. जिंतूर तालुक्यात चारठाणा येथे तर एका गावात अनेक जुनी देवळे, उंच स्तंभ आणि बारव आहे. सेलू तालुक्यातील वालूरची बारव पायऱ्यांच्या चक्राकार रचनेमुळे प्रसिद्ध आहे. जिल्ह्यातील अशा कितीतरी बारवा गाळाने आणि कचऱ्याने बुजल्या होत्या. अलीकडच्या वर्षांत लोकांनी फावडे-घमेले घेऊन त्या उपसल्या, तेव्हा पायरीखाली पायरी निघत गेली. आपल्या घराखाली धन पुरलेले असावे आणि आपण वर उकिरडा करावा, तसाच हा प्रकार होता.

औंढा नागनाथ हे आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणीतच होते. तेथे खालचा भाग जुना, मूर्तींनी भरलेला आणि काळ्या पाषाणाचा आहे, तर वरचे काम नंतरच्या काळातील विटा-चुन्याचे आहे. हे पाहून काही जण नाक मुरडतात. परंतु त्याचा अर्थ नीट घेतला पाहिजे. वरचा भाग ढासळला तेव्हा लोकांजवळ पहिल्यासारखे राजाचे द्रव्य नव्हते. त्यांनी आपल्या काळातले साहित्य वापरले, पण खालच्या मूर्तींना हात लावला नाही.

पुढे अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी देशभर देवालये आणि घाट बांधले. वेरूळच्या घृष्णेश्वराचे आजचे मंदिर त्यांच्याच काळातले. मराठ्यांच्या अमदानीत देवळापुढे लाकडी सभामंडप आले, सुरूच्या आकाराचे खांब आणि महिरपी आल्या, दीपमाळा आणि नगारखाने आले. महिरप तर मुसलमानी अमलातील इमारतींतून आली आणि आपल्या देवळात अशी रुळली की आज ती परकी वाटत नाही. तात्पर्य, परंपरा ही थिजलेली वस्तू नाही. प्रत्येक पिढीने जुने घेतले आणि त्यात आपले घातले. मात्र आधी जुने समजून घेतले.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत सिमेंट गावोगाव आले आणि काम सोपे झाले. त्यातच ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीची घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. तेव्हापासून मराठवाड्यातील माणसाला दगडाच्या भिंतीची धास्ती बसली आणि स्लॅब म्हणजे सुरक्षितता असे समीकरण झाले. २०२४ मध्ये हिंगोली, परभणी, नांदेड भागात धक्के जाणवले तेव्हा ती भीती पुन्हा जागी झाली. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण किल्लारीत पडल्या त्या प्रामुख्याने मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती. कुसू आणि खाचेने जोडलेले घडीव काम ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींना एकाच मापाने मोजून चालत नाही. तरीही जुन्या कामाला धोका आहे की नाही, हे जाणकार अभियंत्याकडून तपासून घेणे केव्हाही चांगले.

काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टींची. श्रद्धेने म्हणून जुन्या दगडावर ऑइलपेंट फासला जातो. दगडातील ओल बाहेर पडेनाशी होते, रंगाचे पोपडे निघतात आणि त्याबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो. मूर्तीचे नाक-डोळे रंगाच्या थरांत बुजतात, शिलालेखाची अक्षरे भरून जातात. सांध्यांत सिमेंट भरले तर तेही ओल कोंडते. स्लॅबमध्ये पाणी मुरले की आतली सळई गंजून फुगते आणि वरचे सिमेंट फोडते. गुळगुळीत फरशी पावसात निसरडी होते आणि म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात. जुने खांब बाहेर काढून ठेवले की वर्षभरात त्यांचे धुणे धुण्याचे दगड होतात. वीरगळाचा कोणी पाय पुसण्यासाठी उपयोग करतो. ज्या वीराने गावच्या गाईंसाठी प्राण दिला, त्याच्यावर त्याच गावाने पाय पुसावा, यापरते दुर्दैव ते कोणते?

याच संदर्भात पंढरपूरचे उदाहरण प्रत्येक वारकऱ्याने ध्यानात ठेवावे. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यात, त्यामुळे पंढरीशी येथील माणसाचे नाते माहेरचे. १५ मार्च २०२४ पासून तेथे पदस्पर्श दर्शन बंद ठेवून जतनाचे काम करण्यात आले. नंतरच्या काळात बसवलेल्या ग्रॅनाइट आणि संगमरवराच्या फरश्या काढल्या, चांदीचे पत्रे काढले आणि मूळचा काळा पाषाण पुन्हा दिसू लागला. २ जून २०२४ रोजी दर्शन सुरू झाले तेव्हा संतांच्या काळातील गाभारा पाहिल्याचा आनंद लोकांना झाला. श्रद्धेने जे चढवले होते ते श्रद्धेनेच उतरवावे लागले. हा खर्च करून घेतलेला धडा आहे. लहान गावांनी तो फुकट घ्यावा.

नव्याने बांधतानाही जुने शास्त्र उपयोगी पडते. सोमनाथचे मंदिर स्वातंत्र्यानंतर पुन्हा उभे राहिले. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या उपस्थितीत प्राणप्रतिष्ठा झाली. त्याचे स्थपती प्रभाशंकर सोमपुरा. त्यांचेच नातू चंद्रकांत सोमपुरा यांनी अयोध्येच्या श्रीराम मंदिराचा आराखडा केला आणि तेथे २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली. अयोध्येत पाया भरताना आजचे स्थापत्यशास्त्र वापरले, दाबून बसवलेल्या थरांवर थर दिले. वर मात्र दगडाला दगड जोडण्याची जुनी रीत ठेवली, लोखंड वापरले नाही. आजोबांची विद्या नातवाकडे पोचली म्हणून हे झाले. आपल्याकडे पाथरवटाचा मुलगा छिन्नी सोडून शहरात मजुरीला जातो, कारण गावाने त्याला पाटे-वरवंटे टाकी लावण्यापलीकडे काम दिले नाही. कलेचे कौतुक भाषणात होते, मोल मात्र रोजंदारीत होत नाही.

एवढा पैसा लहान गावाजवळ कोठून येणार, असे कोणी म्हणेल. परंतु जुने राखण्याच्या पुष्कळ गोष्टींना पैशापेक्षा समज अधिक लागते. कामाला हात लावण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे काढून मापे लिहून ठेवावीत. दगड उतरवावा लागलाच तर त्यावर क्रमांक घालावा, म्हणजे तो परत आपल्या जागी जातो. सांधे भरायचे तर भिजवलेला चुना, वाळू, गूळ, बेलफळाचा गर आणि हरड्याचे पाणी असे घाण्यात मळलेले मिश्रण आजही तयार करता येते. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया पक्क्या थरापर्यंत नेऊन पाण्याला वाट करून द्यावी. नवा सभामंडप सिमेंटचा करावा लागला तरी तो जुन्या गाभाऱ्यापासून थोडा सुटा असावा आणि गाभाऱ्यापेक्षा उंच होऊन त्याला झाकू नये. खांबांचे प्रमाण, छताचे कमळ, दाराची चौकट हे जुन्यावरून घ्यावे. बाजारातील साच्याचे कीर्तिमुख कमानीवर चिकटवले म्हणजे देऊळ हेमाडपंती होत नाही. दात्यांच्या नावांच्या पाट्या अवश्य लावाव्यात, त्यांचा तो मान आहे. पण त्या नव्या भिंतीवर, कोरीव दगड झाकून नव्हे.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. देवालय संरक्षित स्मारक असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा किंवा केंद्राचा १९५८ चा अधिनियम लागू होतो आणि पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून तेथे काही करता येत नाही. पाया खणताना जुनी नाणी, मूर्ती असे काही सापडले तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूला हा नियम आहे. भीतीने वस्तू दडपून ठेवल्या की त्या चोरट्या वाटेने जातात आणि गावाचा इतिहास त्यांच्याबरोबर जातो.

शेवटी एवढेच की, दगड बोलत नाहीत, पण साक्ष देतात. आठशे वर्षांपूर्वी कोणा अनाम कारागिराने उन्हात बसून कमळाची एक पाकळी घडवली. दुष्काळ आले, राज्ये बदलली, निजामी गेली, तरी ती पाकळी आहे तशीच आहे. तिच्यावरून हात फिरवण्याचा आनंद नातवंडांनाही मिळावा, अशा रीतीने ज्या गावाने जीर्णोद्धार केला त्या गावाचे दान सत्कारणी लागले असे समजावे. तशी सद्बुद्धी आणि तसे सामर्थ्य सर्व भाविकांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.