पोटावर सीटबेल्टचा वळ उमटला असेल तर?

गाडीची धडक झाली, सीटबेल्ट लावलेला होता, माणूस स्वतः चालत बाहेर आला. पोटावर पट्ट्याचा लाल-निळा वळ तेवढा उमटलाय. 'थोडक्यात वाचलो' म्हणत तो घरी जातो. पण हा वळ डॉक्टरांना दाखवायलाच हवा. वैद्यकीय भाषेत त्याला 'सीटबेल्ट साइन' म्हणतात. वळ आहे म्हणजे आत इजा आहेच असं नाही, पण शक्यता बरीच वाढते.

आत नेमकं काय होतं?

कमरेचा पट्टा खुब्याच्या मजबूत हाडांवर बसायला हवा. तो सरकून मऊ पोटावर आला, तर धडकेच्या क्षणी आतडी पट्टा आणि मणका यांच्यामध्ये चेपली जातात, कधी फाटतात. त्याच वेळी छाती पट्ट्यावरून पुढे झुकते आणि पाठीचा मणका ताणला जाऊन आडवा फाटतो. याला 'चान्स फ्रॅक्चर' म्हणतात. योगायोगाशी या नावाचा संबंध नाही. १९४८ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या ब्रिटिश रेडिओलॉजिस्टचं ते आडनाव. पोट आणि मणक्याच्या इजा अनेकदा जोडीने येतात, म्हणून एक सापडली की डॉक्टर दुसरी शोधतात.

फक्त कमरेवरून जाणाऱ्या पट्ट्यात हा धोका जास्त. जुन्या गाड्यांत मागच्या सीटवर मधोमध असा पट्टा असतो. लहान मुलांची खुब्याची हाडं पुरती वाढलेली नसतात, त्यामुळे मोठ्यांचा पट्टा त्यांच्या पोटावर चढतो. त्यांना बूस्टर सीट लागते.

लगेच दुखत नाही, म्हणून फसगत होते

आतड्याला लहान छिद्र असेल तर पहिले काही तास फारसं दुखत नाही. पहिला सीटी स्कॅनही कधी नॉर्मल येतो. म्हणूनच डॉक्टर रुग्णाला ठेवून घेऊन पोट पुन्हा पुन्हा तपासतात. अशा वेळी घरी जायची घाई करू नका. वाढती पोटदुखी, पोट कडक होणं, उलट्या, ताप, पायात बधिरपणा, लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर तातडीने हॉस्पिटल गाठा. पाठीत जोरात कळ येत असेल तर जखमीला ओढून बसवू नका, १०८ला फोन करा.

मग पट्टा लावूच नये का?

लावायचाच, मागच्या सीटवरही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. पट्टा मांड्यांना लागून, घट्ट ठेवा. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा. आणि सीट मागे पाडून झोपू नका, कारण तेव्हा शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं.