शिमला ऑफिस ते पारनेर

परवा पारनेरहून मामांचा फोन आला. "काय रे, तुमचा तो कॉम्प्युटर काय म्हणतोय? जुलैत पडंल का?" मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे पावसाचा कॉम्प्युटरही माझाच, असा त्यांचा ठाम समज! हसलो खरा, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मामांना अख्ख्या देशाचा चार महिन्यांचा पाऊस नको होता. एका तालुक्याचा, एका महिन्याचा हवा होता.

या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळलं. हवामानखातं नुकतंच, १८७५ साली स्थापन झालेलं. त्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधू लागले. बर्फ जास्त तर पाऊस कमी. पहिला रीतसर अंदाज १८८६ चा. पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा गणिती खात्याचा प्रमुख झाला. त्याने जगभरचे आकडे गोळा करून पावसाशी कशाचं नातं जुळतं ते शोधलं. कॉम्प्युटर नव्हताच, सगळे हिशेब हाताने! सगळ्या हिंदुस्थानाला एकच आकडा चालणार नाही हे ओळखून त्याने देशाचे भागही पाडले. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात.

१९८८ मध्ये वसंत गोवारीकरांचं १६ घटकांचं मॉडेल आलं. देशासाठी एक आकडा. तो बरीच वर्षं जमला. मग उजाडलं २००२. अंदाज १०१ टक्के, पडला ८१. त्यातही जुलै महिना निम्म्याच्या आसपास कोरडा गेला. म्हणजे नेमका पेरणीचाच महिना!

पण माझ्या मते खरा धडा २००३ चा. त्या वर्षी देशात १०२ टक्के पाऊस झाला आणि नगर जिल्ह्यात दुष्काळ. देशाची सरासरी बरोबर, पारनेरची विहीर कोरडी.

२०२१ पासून खातं अनेक क्लायमेट मॉडेल्स एकत्र करून पुढच्या महिन्याचा अंदाज देतं, नकाशासकट. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवायचं आणि किती वेळा पाऊस कमी, सरासरीइतका किंवा जास्त येतो ते मोजायचं. एक प्रकारचं मतदानच. काहीच कळत नसेल तर तिन्हींना साधारण ३३ टक्के. त्यामुळे '४५ टक्के जास्त पावसाकडे' याचा अर्थ 'पडणारच' असा नाही.

आता नगर जिल्हा बघा. अकोल्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळतो आणि पारनेर, पाथर्डी, कर्जत पर्जन्यछायेत. पुण्याच्या आयआयटीएममध्ये मान्सूनसाठी वापरलेल्या एका मॉडेलचा चौकोन सुमारे ३८ किलोमीटरचा. त्या एका चौकोनात कळसूबाई आणि अकोले गाव दोन्ही मावतात! तिथे सरासरी काढून काय कळणार?

मामांना हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे अर्ध्यात मूग टाकतो, अर्धं बाजरीला ठेवतो."

टक्केवारीचा अर्थ त्यांना माझ्याआधी कळला होता. असो.